मदत हवी आहे : तोकड्या निधीत नगरपरिषदेचे जुने संगणक बदलावेत की चालवावेत?

सन्माननीय सदस्यांना नमस्कार. मी एका 'क' वर्ग नगरपरिषदेच्या लेखा विभागात काम करतो. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आमचे बरेचसे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. सशुल्क मुदतवाढ घ्यावी, तर तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बांधील होती आणि उरलेल्या भागावर रस्त्या-गटारांचा हक्क आधी येतो, हे मला मान्य आहे. पण मालमत्ता कराची वसुली आणि जन्म-मृत्यूचे दाखले ज्या यंत्रांवर चालतात, ती असुरक्षित ठेवणे हीदेखील काटकसर नव्हे.

केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली (लिनक्ससारखी, परवाना शुल्क नसलेली संगणक प्रणाली) स्वीकारून परवान्यांवरचा खर्च टाळला, तसे निदान आवक-जावक आणि टंकलेखनाच्या टेबलांवर करावे, असे मला वाटते. अडचण अशी की देयके मंजूर करताना लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे (संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणाचे) ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, या मुक्त प्रणालीवर नीट चालतील का, आणि युनिकोडपूर्व फाँटमधील (तो फाँट नसेल तर अक्षरे भलतीच दिसतात असे) जुने ठराव वाचता येतील का?

ज्यांच्या कार्यालयात असा बदल झाला आहे, त्यांनी कोणते टेबल आधी घेतले, आणि वार्षिक देखभाल करारातून कोणत्या बाबी वगळता आल्या, हे कृपया सविस्तर कळवावे. लेखापरीक्षणात अशा खर्चावर कोणते आक्षेप निघाले, तेही समजल्यास टिपणी नीट मांडता येईल.