‘आप्त समालोचक’ म्हणजे नेमके कोण?

खानापूरकरीण
आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका खोलीवर कन्नडमध्ये ‘आप्त समालोचकरु’ अशी पाटी आहे. भाचीने पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मानसशास्त्र घेतलंय. तिने विचारलं, “मावशी, मी पुढे हेच होणार का?” मला ‘समालोचन’ म्हटलं की क्रिकेटचं धावतं समालोचन आठवतं, आणि ‘आप्त’ म्हणजे तर नातलग. मराठीत या माणसाला काय म्हणायचं? मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ की समुपदेशक?

निपाणीकर
समुपदेशक. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत ‘समुपदेशन व चाचणी केंद्र’ असतं ना, त्यातल्या ‘समुपदेशना’ला इकडे कर्नाटकात ‘आप्त समालोचने’ म्हणतात. ती खोली बहुतेक एचआयव्ही तपासणीची असेल. मनाच्या त्रासासाठी आलेल्या माणसाने आधी विचारून आत जावं.

टिळकवाडीहून
निपाणीकर बरोबर सांगतायत. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कन्नडमध्ये ‘समालोचने’ म्हणजे बसून केलेला विचारविनिमय, आणि ‘आप्त’ म्हणजे जवळचा, ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असा. संस्कृतातला ‘विश्वासू’ हा अर्थ कन्नडने जपला. आपण ‘आप्तवाक्य’ म्हणतो तेवढ्यापुरता तो मराठीतही उरलाय, एरवी आपला ‘आप्त’ लग्नपत्रिकेतल्या ‘आप्तेष्टां’त राहिला. तेव्हा पाटी कन्नड अर्थानेच वाचायची. मला तो शब्द फार आवडतो. समोरच्याचं ऐकून घेणारा, त्याच्याबरोबर विचार करणारा माणूस त्यात दिसतो.

आता उरलेले दोन शब्द. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे कन्नडातला ‘मनोवैद्य’, हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. या तिघांत मनाच्या आजारावर औषध लिहून देणारा तोच. मानसशास्त्रज्ञ हा त्या अर्थाने डॉक्टर नव्हे, आणि तो उपचार करतोच असंही नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, ती संवेदना आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ असल्या गोष्टी मोजण्यासाठी. तिथे रुग्ण नव्हते. आजही कितीतरी मानसशास्त्रज्ञ शाळांत, कारखान्यांत, संशोधनात काम करतात. रुग्णांवर उपचार करणाऱ्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणतात. त्याचं शिक्षण वेगळं आणि नोंदणीही लागते. नुसतं बी.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही, हे भाचीला आताच सांगा.

आपल्या कर्नाटकात मानसशास्त्र हा विषय जुना आहे. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९२४ मध्ये सुरू झाला. तिथलेच प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये म्हैसुरात रेडिओ केंद्र काढलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं. तुम्ही समालोचनाचा विषय काढलात म्हणून आठवलं!

निपाणीकर
माझी एक हरकत आहे. ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ बसलाय. दहावीला नापास झालेल्या पोराला आम्ही तिकडे नेतो आणि सांगतो, “सर, याला जरा चार शब्द सांगा.” पोरगं दाराशीच आकसतं.

टिळकवाडीहून
हरकत रास्त आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात सल्ले देण्याच्या, समजूत घालण्याच्या पद्धतीवरच टीका केली होती. येणाऱ्याला ते ‘रुग्ण’ही म्हणत नसत. माणसाला त्याची वाट त्याची त्याला सापडते, ऐकणाऱ्याने मनापासून ऐकावं आणि न्यायाधीश होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मानवतावादी दृष्टिकोन म्हणतात तो हाच. वर्तनवादी मात्र त्याच पोराकडे निराळ्या नजरेने बघेल: अभ्यासाला बसल्यावर याला काय मिळतं, न बसल्यावर काय मिळतं? मनोविश्लेषणवाला त्याच्या बालपणाकडे वळेल. ‘समुपदेशन’ आता रुळलाय, तो बदलू नये असं मला वाटतं. पण मुलाला तिकडे नेताना ‘चार शब्द सांगा’ म्हणणं आपण नक्की सोडू शकतो.

शहापूरचा वाचक
आमच्या ओळखीच्या एका संस्थेने पाटीवर कन्नडखाली मराठीत ‘मनमोकळं बोला’ असं लिहिलं. तेव्हापासून माणसं वाढली. म्हणजे शब्दानेच फरक पडला ना?

टिळकवाडीहून
पडलाही असेल, पण एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. पाटी बदलली आणि माणसं वाढली, हा झाला सहसंबंध. त्याच सुमारास परीक्षांचे निकाल लागले असतील, किंवा नवीन बाई बोलायला प्रेमळ असतील. कार्यकारणसंबंध म्हणायचा तर तुलना हवी. एकाच सेवेची दोन पत्रकं करा, माहिती तीच, फक्त शब्द वेगळा. कुणाला कुठलं द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि मग कोणत्या गटाला जावंसं वाटतं ते विचारा. हीच यादृच्छिक विभागणी. या शब्दावरून मुलं नेहमी फसतात. यादृच्छिक म्हणजे ‘मनाला येईल तसं’ नव्हे. बाजारात भेटेल त्याच्या हाती भेटेल ते पत्रक दिलं, तर निवड आपल्या मर्जीची होते. चिठ्ठीत कुणाचीच मर्जी चालत नाही. आणि पत्रकं कन्नड व मराठी दोन्हींत हवीत. नाहीतर शब्दाचा परिणाम कुठला आणि भाषेचा कुठला, ते कळायचं नाही.

खानापूरकरीण
भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिला आता चिठ्ठ्यांचा प्रयोग करायचाय! आमच्या शेजारी एका काकूंना महिन्याभरापासून झोप नाही, सारखं रडू येतं. त्यांना कुठे न्यायचं?

टिळकवाडीहून
ताई, यात शब्द शोधत बसू नका. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. आज निघणं जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावर फोन लावा, पैसे पडत नाहीत. काकूंना सांगा, मराठीतून बोलायचंय म्हणून सुरुवातीलाच मागून घ्या.