सगळ्यांना एकच कात्री नको
वाढलेली सगळी झुडपं थंडी संपताना सरसकट गुडघ्याएवढी छाटा, असा एक सल्ला दिला जातो. तो जास्वंद-मोगऱ्याला चालेल. ती नव्या फुटीवर फुलतात. अझेलिया, लायलॅक या वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या कळ्या मात्र आदल्या हंगामातच फांद्यांवर धरलेल्या असतात. थंडी संपताना कात्री लावली की त्या वर्षीची फुलं गेलीच! त्यांना बहर ओसरल्या ओसरल्या छाटावं. वाळक्या, रोगट फांद्या कधीही काढा. झुडूप फारच माजलं असेल तर जुन्या, जाड फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश दरवर्षी बुडापासून काढायच्या, तीन वर्षांत ते नव्याने भरतं. नुसते शेंडे कापून गोल गरगरीत आकार देणं मला तरी पटत नाही. वर दाट छत्री आणि आत नुसत्या काटक्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) किंचित वर घ्या.