प्रति: जुनी विंचेस्टर मॉडेल १२ - ब्लूइंग आणि १६ गेजचं चेंबर

या जुन्या पंप-अ‍ॅक्शन शॉटगनवरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) मूळचं की नंतरचं, हे चर्चेत वर फक्त चकाकीवरून ठरवलं जातंय. चकाकी फसवते, अक्षरं बघा. पुन्हा ब्लूइंग करण्याआधी धातू घासून पॉलिश करतात. त्यात नळीवरच्या छापाच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि रिसीव्हरच्या (बंदुकीची यंत्रणा ज्यात बसते त्या धातूच्या भागाच्या) धारदार कडा गोलावतात. सिरियल नंबर रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला खालून असतो, आणि त्याला लागूनच नळीकडच्या भागावरही. दोन्ही जुळले नाहीत, तर नळी दुसऱ्या बंदुकीची आहे.

पण १६ गेजची (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) बंदूक घेणाऱ्यांनी याहून आधी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, मोजावं. सुरुवातीच्या १६ गेजचं चेंबर २ ९/१६ इंची, म्हणजे ६५ मिमीचं. आजचं २ ३/४ इंची (७० मिमी) काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण ही लांबी उडवलेल्या काडतुसाची असते. भरलेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. बार उडाला की ते तोंड उलगडून नळीच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. उडवलेलं काडतूस बाहेर पडतानाही अडकतं. मोजण्याआधी चेंबर आणि मॅगझिनची (काडतुसं साठवायची) नळी दोन्ही रिकामी असल्याची खात्री करा.

चेंबर रीमरने (आतून धातू कोरून काढणाऱ्या हत्याराने) लांबवून घेण्याचा सल्ला वर कुणी दिलाय, तो मला पटत नाही. मूळ अवस्था एकदा गेली की परत येत नाही. ६५ मिमीची काडतुसं आजही बनतात, तीच वापरा.