दोन्ही लॅब्रॅडोर काळे, मग पिल्लं पिवळी नि चॉकलेटी कशी? रंगाची डीएनए टेस्ट करू का?

राणीचा बाबा (गंगापूर रोड):
नमस्कार मंडळी. माझी लॅब्रॅडोर राणी साडेतीन वर्षांची, काळी कुळकुळीत. हीटवर आली तेव्हा इंदिरानगरच्या एका ओळखीच्यांच्या काळ्या मेलशी मेटिंग केलं. २२ दिवसांपूर्वी सात पिल्लं झाली, चार काळी, एक चॉकलेटी, दोन पिवळी. मेलचे मालक बघायला आले, टोपलीत वाकून बघितलं आणि सरळ म्हणाले ही माझ्या कुत्र्याची नाहीत, तुम्ही कुत्री नीट सांभाळली नाही. एक पिल्लू ते घेणार असं ठरलं होतं, ते पण आता नको म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात कोपऱ्यावरचा तांबडा कुत्रा असणार. मला फार लागलं हो, कारण त्या दिवसांत ती घरातच होती, फिरायला पण मीच न्यायचो, पट्टा हातातून सोडला नाही. रंगाची टेस्ट केली तर बाप कोण ते कळेल का? आणि ती पिल्लांची करायची की मोठ्यांची?

कॉलेज रोडची ताई:
दादा, आधी शांत व्हा, दोन काळ्या लॅबना तिन्ही रंगांची पिल्लं होतात. लॅबच्या रंगाचे मुख्य जीन दोन, एक बी आणि एक ई. बी ठरवतो काळा की चॉकलेटी, ई ठरवतो तो रंग केसात उतरणार की नाही, नाही उतरला की पिल्लू पिवळं. चॉकलेटी किंवा पिवळं व्हायला त्या जीनची लपलेली (असून न दिसणारी) प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्हीकडून यावी लागते. दोघांकडे दोन्ही लपलेलं असेल तर सरासरी १६ पैकी ९ काळी, ३ चॉकलेटी, ४ पिवळी. तुमचं ४-१-२ त्यात आरामात बसतं. पिल्लांची आई तर राणीच आहे, म्हणजे तिच्याकडे दोन्ही लपलेलं आहे हे पिल्लांनीच सांगितलं, तिच्यावर पैसे घालू नका. टेस्ट करायची ती मेलची.

आणि काकूंना सांगा, काळ्या लॅबकडे तिसरा एक जीन असतो, तो बाकीचे तांबडे-भुरे रंग दाबून टाकतो आणि आईकडून प्रत्येक पिल्लाला मिळतो. रस्त्यावरच्या कुत्र्याचा तांबडा रंग बऱ्याचदा त्या दाबल्या जाणाऱ्यातलाच असतो. तसा बाप असता तर पिल्लं उलट काळीच दिसली असती!

निफाडचा गोठा:
आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन) गायींत हेच होतं. काळी-पांढरी गाय, सीमेन पण काळ्या-पांढऱ्या बैलाचं आणि कधीतरी तांबडं-पांढरं वासरू पडतं. वडील पहिल्यांदा सीमेनवाल्यावर खूप चिडले होते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गायीत पण तोच ई जीन, त्याचं शास्त्रीय नाव एमसी१आर, दोघांकडून लपलेली प्रत आली की लाल. जनावराचा काही दोष नसतो त्यात.

देवळालीकर:
ताईंचं बरोबर, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मेलकडे दोन्ही लपलेलं निघालं तर तो बाप असू शकतो एवढंच ठरतं, तोच बाप हे ठरत नाही. निघालंच नाही तर मात्र पिवळी आणि चॉकलेटी त्याची नाहीत हे पक्कं. खात्री हवी असेल तर रंगाची नाही, पेरेंटेजची, म्हणजे आई-बाप ठरवणारी टेस्ट मागा, त्यात आई, मेल आणि पिल्लू तिघांचे स्वॅब लागतात. अमेरिकेतल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाची प्रयोगशाळा दोन्ही टेस्ट करते. एकाच वेताला दोन बाप पण असू शकतात म्हणून काळ्या पिल्लाचा स्वॅब देऊन भागणार नाही, पिवळ्याचा आणि चॉकलेटीचा द्या. पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असतात, तेव्हा आधी तासभर तरी बाजूला ठेवा, मग गालाच्या आतून ब्रश फिरवा, प्रत्येकाला वेगळा ब्रश आणि मध्ये हात धुवायचे, नाहीतर आईचाच रिपोर्ट यायचा.

सिडको:
चॉकलेटी पिल्लू मला द्याल का? पुढे चॉकलेटीच ब्रीड करायचा विचार आहे, भाव चांगला येतो.

कॉलेज रोडची ताई:
@सिडको भाऊ, फक्त रंगासाठी नका हो. २०१८ साली ब्रिटनमधल्या लॅब्रॅडोरांचा अभ्यास आला, चॉकलेटींचं आयुष्य साधारण १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचं १२.१, कानाचे आणि कातडीचे आजार पण चॉकलेटींना जास्त. रंगाच्या मागे लागून तीच तीच रक्तं जुळवली की असं होत असावं. पिल्लू पाळायला न्या, जीव लावा, पण ब्रीडिंगआधी हिप्स (खुब्याचे सांधे) आणि डोळे तपासा.

राणीचा बाबा (गंगापूर रोड):
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च लावून बघितलं, एका पिवळ्याचं नाक काळं होत चाललंय आणि दुसऱ्याचं तपकिरी, अगदी चॉकलेटीच्या नाकासारखं. ताई, म्हणजे त्याच्यात दोन्ही लपलेलं एकत्र आलं का?

कॉलेज रोडची ताई:
हो दादा, बरोबर ओळखलंत, १६ पैकी एखादंच तसं होतं.

राणीचा बाबा (गंगापूर रोड):
मेलच्या मालकांना हा सगळा धागा पाठवला. सकाळी फोन आला, रविवारी स्वॅब घ्यायला या म्हणाले. टेस्टचा खर्च मी करतोय. त्या तपकिरी नाकाच्याचं नाव आम्ही गूळ ठेवलंय, तो आता कोणाला देत नाही.