रात्रीस खेळ चाले: कुठलं वळण पटलं, कुठलं खुपलं?

झी मराठीवरची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका संपून आता काही वर्षं झाली, तरी दोन चाहते भेटले की वाद सुरू होतोच. पहिलं पर्व 2016 मध्ये आलं, दुसरं 2019 मध्ये आणि तिसरं 2021 मध्ये. तिन्ही पर्वांत लेखकांनी मोठमोठे निर्णय घेतले आणि प्रत्येक घरात त्यावर वेगळं मत पडलं. तेच अनुभव इथे हवेत. नुसतं 'भारी होती' किंवा 'ताणली' असं नको. कथानकातली कुठली गोष्ट पटली, कुठे मन उडालं आणि पाहताना घरात काय बोलणं झालं, ते सविस्तर लिहा. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जपून वाचा, सगळं फुटणार आहे.

सुरुवात मी करते. माझ्या मते सगळ्यात धाडसी निर्णय दुसऱ्या पर्वाचा होता. पहिल्या पर्वात वाड्याचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि पुढे ते कळत राहतात ते इतरांच्या भीतीतून. दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि तेच अण्णा जिवंत, धडधाकट समोर आणून बसवले. मला वाटलं होतं, आता भीती संपली. झालं उलटंच. माधव अभ्यंकरांचे अण्णा नुसते खळ्यात उभे राहिले तरी घरातली माणसं आवाज खाली आणायची, आणि ते बघताना आमच्याकडेही सगळे गप्प व्हायचे. आई एकदा म्हणाली, "ह्याच्यापेक्षा भूत बरं, ते निदान दिवसा तरी येत नाही." माझ्यासाठी मालिकेचं मर्म तिथेच आहे. वाड्यात जे काही भटकत होतं ते मेल्यावर तयार झालेलं नाही, ते जिवंतपणीच घरात राहत होतं.

* * *

चांगला विषय. मी मात्र पहिल्या पर्वाच्या बाजूने. लोक त्याला भुताची मालिका म्हणतात, मला ती वाटणीची मालिका वाटते. बाप गेला, सगळी भावंडं वाड्यात जमली आणि कुणाला काय मिळणार हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आहे, पण पहिला शब्द कुणी काढायचा? त्यात सुसल्या येते आणि अण्णांची प्रेयसी शेवंता, तिची मुलगी म्हणून हक्क सांगते. दत्ता, सरिता, माधव, छाया, सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी उघडे पडतात.

आमचे आजोबा गेले त्यानंतरच्या दिवसांत आम्ही हे बघत होतो. आमच्याकडेही सातबारा, कपाटाच्या किल्ल्या, 'दागिने आईने कुणाला दिले' हे सगळं चालू होतं. एका रात्री मालिका चालू असताना थोरले काका मध्येच उठून आत गेले. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून आत्याचा हिस्सा कागदावर घालायला सांगितला. मालिकेमुळे असं मी म्हणत नाही, पण भुतापेक्षा ती वाटणीच लोकांना जास्त लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नीलिमा हे पात्रही मला म्हणूनच आवडायचं. प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारणारी सून त्या घरात हवीच होती.

* * *

मी मूळची कुडाळ तालुक्यातली. मालिकेत दिसतो तो आकेरीचा वाडा आमच्या रस्त्यावरच. तेव्हा आमच्याकडे या मालिकेवरून बराच राग होता. कोकण म्हणजे करणी आणि भानामती, असं चित्र जगभर जाईल म्हणून 2016 मध्ये सिंधुदुर्गात निषेधही झाला. राग समजण्यासारखा होता. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, म्हणजे राज्यात त्यावर नुकतीच एवढी चर्चा होऊन गेलेली आणि इथे रोज रात्री साडेदहाला उतारे नि लिंबू.

मला खुपलं ते थोडं वेगळं. आमच्याकडे देवचार म्हणजे भूत नव्हे. तो गावाचा राखणदार. आजी सांगायची, "देवचार वायट नसता गो बाय, तो वाट दाखयता." रात्री चुकलेल्या माणसाला त्याने काठीच्या आवाजावर घरापर्यंत आणून सोडलं, अशा गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, एवढंच. मालिकेने रानात दिसेल ती सावली भयानक केली आणि हा सगळा आपलेपणा कापून टाकला. तो राखणदार कथेत असता तर अण्णांसारख्या माणसाला गावात कुणीतरी जाब विचारणारं मिळालं असतं.

एक मात्र मनापासून मान्य. मालवणी बोली टीव्हीवर विनोदासाठी नाही, तर दुःखासाठी वापरलेली मी पहिल्यांदा ऐकली. अण्णांची बायको माई रडताना मालवणीत रडते, हे आमच्या आजीला फार आवडायचं.

* * *

दुसरं पर्व मला जड गेलं. शेवट माहीत असलेली गोष्ट एवढे महिने का बघायची? शिवाय पहिल्यात सांगितलेलं आणि दुसऱ्यात दाखवलेलं सगळीकडे जुळत नाही. ज्यांनी आधीचं लक्ष देऊन पाहिलं त्यांच्यावर हा अन्याय आहे.

* * *

वरच्या प्रतिसादाशी असहमत. शेवट माहीत असणं हीच तर त्यातली धार. शेवंताच्या नवऱ्याचं, पाटणकरांचंच बघा. साधा, बायकोवर विश्वास ठेवणारा माणूस. शेवंता अण्णांकडे ओढली जाते तेव्हाच आपल्याला कळतं की याचं काही खरं नाही, आणि ते समोर चहा पीत, हसत बसलेले असतात. अण्णा त्यांना संपवतात तोवर माझं काळीज रोज थोडं थोडं तुटत होतं. धक्का देऊन मारलं असतं तर एक दिवस हळहळ वाटली असती.

यावरून माझं आणि सासूबाईंचं खूप वाजायचं. त्या पूर्णपणे माईंच्या बाजूने. शेवंता दिसली की त्या टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसायच्या. मला शेवंताचंही वाईट वाटायचं. अपूर्वा नेमळेकरने ती नुसती मोहात पाडणारी बाई केली नाही; मान मिळेल, घर मिळेल, या आशेवर ती आत आत रुतत गेली. अण्णांनी दोघींनाही फसवलं, एकीला घरात ठेवून आणि दुसरीला घराबाहेर ठेवून. हे मी बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई बराच वेळ काही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली, जी मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. ती इथे लिहिणार नाही. पण तेव्हापासून त्या शेवंता दिसली की पाठ करत नव्हत्या.

* * *

वाड्यातल्या गड्याबद्दल, पांडूबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही आणि पांडूही. तो विसरतो, म्हणून सगळे त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. म्हणजे वाड्यातलं सगळं माहीत असलेला माणूस तोच, आणि त्याच्याच बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लेखकाने स्वतःसाठी ही भूमिका ठेवली, हे मला फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. आमच्या गावच्या घरीही असा एक गडी होता. लोक त्याला हसायचे. कोणती सून कधी उपाशी झोपली, हे त्याला बरोबर माहीत असायचं.

* * *

तिसऱ्या पर्वावर मी लिहितो, कारण त्याची मी सगळ्यात जास्त वाट पाहिली होती. पडका वाडा, अण्णा आणि शेवंता आता खरोखरच भुतं, कल्पना उत्तम. पण भुतं समोरासमोर येऊन गप्पा मारायला लागली आणि भीती गेली. पहिल्या पर्वात रिकामी पडवी दाखवली तरी अंगावर काटा यायचा. तिसऱ्यात अण्णा पूर्ण उजेडात दिसायचे.

काही गोष्टी लेखकांच्या हातात नव्हत्या, हे मान्य. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मालिका मध्येच थांबली आणि ऑगस्टमध्ये परत आली, तोवर माझे अर्धे मित्र सुटले होते. पुढे शेवंताच्या भूमिकेत अपूर्वाच्या जागी कृतिका तुळसकर आली. तिने मेहनत घेतली, त्याबद्दल शंका नाही. पण आधीच्या शेवंताचं जगणं आणि मरणं आपण पाहिलं होतं, तेव्हा तिचं भूत वेगळ्या चेहऱ्याने आलं की ती ओळखच लागेना. माझ्या मते तिथे शेवंताला काही काळ दाखवायलाच नको होतं. पैंजण, गजऱ्याचा वास, अण्णांची वळलेली मान, एवढ्यावर काम झालं असतं आणि आपण तिला स्वतःच आठवलं असतं.

* * *

अगदी हेच. आणि अजून एक: तिसरं पर्व माईंच्या नजरेतून हवं होतं. नवऱ्याने आयुष्यभर छळलं, तो मेला, तरी जात नाही. शकुंतला नरेंनी हे ओझं तिन्ही पर्वांत वाहिलं. माईंनी अण्णांना एकदा तरी समोर बसवून सगळा हिशेब विचारायला हवा होता, मंत्र नाही, मांत्रिक नाही, फक्त त्या दोघांचं बोलणं. मी त्या एका भागासाठी अकरा वाजता जागी राहत होते.