साहेब रजेवर आहेत

नोकरी सोडून फ्रीलान्सिंग केलं की पगाराच्या दुप्पट पैसे मिळतात असं बरेच जण म्हणतात. मिळतात हो, पण कधी? माझं मार्चचं बिल गणपती आले तरी अडकलेलं. ज्यांचं काम केलं त्या कंपनीत फोन केला की "साहेब रजेवर आहेत". शेवटी सीएने उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करायला लावली. ऑनलाइन होते, फुकट. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने मग लेखी करारात जास्त मुदत असली तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करा, जुन्या बिलांना ती सहसा लागू होत नाही. (माझं मार्चचं बोंबललंच.) आता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापतो. साहेबांच्या रजा बऱ्याच कमी झाल्यात.