मदत हवी आहे: स्पोर्ट पेडल घरीच बसवतोय, ॲक्सिलरेटरला भोक पाडावं का?

करवीरकर
नमस्कार मंडळी. गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१९ची, पेट्रोल, मॅन्युअल. मुक्काम कोल्हापूर. जाणकारांनी जरा लवकर लक्ष घालावं, कारण शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणून ठेवलंय आणि हात शिवशिवतायत.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर घासून गुळगुळीत झालंय. पावसात ओल्या बुटांनी गाडीत बसलं की क्लचवरून पाय सटकतो. करूळ घाटात हे फार नको वाटतं. रबर बदलायचंच आहे तर सरळ स्पोर्ट पेडल टाकू, अशी टूम धाकट्या भावानं काढली. मग ऑनलाइन तीन पेडलांचा 'युनिव्हर्सल' संच मागवला. ॲल्युमिनियमच्या तीन प्लेटी, त्यांवर रबराची काळी बटणं, मागून आवळायला वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टची पुडी. सूचनांचा कागद नाही. खोक्यावरच्या फोटोवरून काय समजायचं ते समजा.

आत्तापर्यंत केलेलं काम असं. सीट पूर्ण मागे, मॅट बाहेर, टॉर्च लावून खाली डोकं. क्लचचं जुनं रबर खालच्या कोपऱ्यातून अंगठ्यानं सोलल्यावर सहज निघालं. खालची लोखंडी पट्टी मात्र सपाट नाही, तिला मधोमध हलकासा फुगवटा आहे. संचातली प्लेट एकदम सपाट. त्यामुळे आवळली तरी ती मध्येच टेकते आणि दोन्ही टोकांना रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट राहते. कोपऱ्यावर दाबलं की डुगडुगते. जुनं रबर तसंच ठेवून त्यावर प्लेट बसवून पाहिली, तर फट भरते. पण पेडल वर येतं आणि रबर दबत जाईल तसे बोल्ट सैल पडतील अशी शंका आहे.

खरा घोळ ॲक्सिलरेटरचा. ते पेडल अख्खं प्लास्टिकचं, वेगळं रबरच नाही. मागच्या बाजूला उभ्याआडव्या फासळ्या आहेत, त्यामुळे पत्र्याची पट्टी बसत नाही. फोटोत दाखवल्याप्रमाणे करायचं तर प्लास्टिकला आरपार दोन भोकं पाडून बोल्ट टाकावे लागतील. शिवाय प्लेट मूळ पेडलपेक्षा लांब आहे, खालचं टोक मॅटच्या जवळ येतं.

तर भोकं पाडू का? आणि ब्रेकची प्लेट डुगडुगू नये म्हणून मध्ये काय घालावं? ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारलं तर "बसवून देतो की, दहा मिनिटांचं काम" एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या दहा मिनिटांवर माझा विश्वास नाही.

पानास्पॅनर
ड्रिल मशीन आधी शेजाऱ्यांना परत करा, मग पुढचं वाचा.

तुमच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नाही. पेडलच्या वरच्या टोकाला सेन्सर आहे, तो पेडल किती दाबलं ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो. सेन्सर दोन वेगवेगळे सिग्नल पाठवतो आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून बघतो. मेळ बसला नाही तर इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी रांगायला लागते. पेडलचा दांडा, स्प्रिंग, सेन्सर सगळं एकाच जोडणीत येतं. प्लास्टिकला तडा गेला तर नुसता खालचा तुकडा कोणी देत नाही, अख्खी जोडणी बदलावी लागते.

तडा जाणारच असं म्हणत नाही. पण त्या फासळ्या शोभेच्या नाहीत, पातळ प्लास्टिकला ताकद त्यांच्यामुळे आहे. तुम्ही नेमक्या त्याच कापणार. भोकाच्या कडेपासून चीर सुरू होते, त्यात उन्हात उभी राहणारी गाडी आणि रोजचा दाब. बोल्ट घट्ट आवळला तर प्लास्टिक चेपतं, सैल ठेवला तर प्लेट फिरते.

चौथागिअर
भावा, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या जुन्या ऑल्टोला असाच संच बसवला होता, तिन्ही पेडलांना. गाडी विकेपर्यंत काही झालं नाही. नायलॉक नट टाक, वॉशर मोठे घे, झालं काम. पाय ठेवायला मस्त वाटतं आणि गाडीत बसल्यावर लूक पण येतो.

पानास्पॅनर
@चौथागिअर, नायलॉक नटाबद्दल सहमत, साधा नट थरथरीनं सुटतोच. पण त्या ऑल्टोचं ॲक्सिलरेटर केबलवालं असेल तर हिशेबच वेगळा, तिथे सेन्सरची भानगड नाही. आणि "विकेपर्यंत काही झालं नाही" हे ती गाडी घेणाऱ्यालाही विचारायला हवं :)

जुनाफिटर
मी ब्रेकचं बोलतो, कारण सगळे ॲक्सिलरेटरच्या मागे लागलेत.

कारच्या ब्रेकची चाचणी घेताना पायाचा जोर ५०० न्यूटनपर्यंत धरलेला असतो, म्हणजे ढोबळमानाने ५० किलो. रोज आपण याच्या पासंगालाही पुरत नाही. पण समोर अचानक म्हैस आली की माणूस सीटवरून उठून ब्रेकवर उभा राहतो. त्या वेळी पाय पेडलच्या मधोमध पडत नाही, कडेवर पडतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की प्लेट कोपऱ्यावर दाबली की डुगडुगते. मध्ये रबराची पट्टी घाला, सिलिकॉन भरा, एम-सील लावा, सगळे जुगाड मला ठाऊक आहेत आणि ब्रेकवर त्यातला एकही चालत नाही. ब्रेक पेडलवरची वस्तू एक तर त्याच पेडलच्या आकाराची असावी, नाहीतर नसावी.

दुसरं म्हणजे उंची. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या उंचीत कंपनीनं मुद्दाम फरक ठेवलेला असतो. जुन्या रबरावर प्लेट चढवली की ब्रेक आणखी वर येतो आणि घाईत पाय उचलून तिकडे नेताना बुटाचं टोक खाली अडकू शकतं. उलट ॲक्सिलरेटर जाड आणि रुंद झाला तर रुंद बुटाखाली दोन्ही पेडलं एकदम दाबली जातात. दोन्ही प्लेटा नुसत्या टेकवून मधली फट मोजा आणि इथे लिहा.

मिरजेचा_मावळा
मॅटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. २००९ साली अमेरिकेत टोयोटानं सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता, कारण ॲक्सिलरेटर फ्लोअर मॅटमध्ये अडकू शकत होता. त्याच्या आधी सॅन दिएगोजवळ एका लेक्ससच्या अपघातात चार जण गेले होते, त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेली होती. नंतर दुरुस्ती म्हणून काय केलं, तर पेडलचं खालचं टोक कापून आखूड केलं. तुम्ही नेमकं उलटं करताय, लांब प्लेट लावून. आपल्याकडे तर मूळ मॅटवर ती जाड थ्री-डी मॅट आणि तिच्यावर वर्तमानपत्र.

रंकाळाकाठ
मूळ तक्रार पाय सटकण्याची आहे ना? मग ॲल्युमिनियम कशाला? सगळी पकड त्या रबराच्या बटणांवर असते. ती झिजली किंवा दोन-चार उडाली की खाली उरतो गुळगुळीत धातू. त्यात आपण कोल्हापूरकर. भिजलेल्या कोल्हापुरीचा चामड्याचा तळ आणि ओलं ॲल्युमिनियम म्हणजे शेवाळलेल्या पायरीवर उभं राहणं. (चप्पल घालून गाडी चालवू नये हे मान्य. पण कोण ऐकतंय?)

चौथागिअर
बरं बाबा, भोकाचं मी मागे घेतो. पण कायद्याचं काय, आरटीओवाले यावरून पकडतात का? मला पुढच्या गाडीला बसवायचेच आहेत.

जुनाफिटर
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. पेडलवरचं कव्हर आरसीवर नसतं. त्यामुळे पोलिसांची चिंता सोडा, गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरवाल्यांची करा. पेडलला भोक दिसलं की ते आधी त्याकडेच बोट दाखवणार.

करवीरकर
सगळ्यांचे आभार. फट मोजली. मूळ पेडलांमध्ये माझा बूट आरामात मावतो. दोन्ही प्लेटा टेकवल्यावर ब्रेकच्या मधोमध पाय ठेवला तरी बुटाची कड ॲक्सिलरेटरच्या प्लेटला घासते. विषय संपला. ड्रिल परत गेलं, भाऊ रुसला.

स्पेअर पार्टच्या दुकानातून क्लच आणि ब्रेकची कंपनीची रबरं आणली. संचाच्या मानाने किंमत किरकोळ. बसवताना मात्र घाम काढला. कोरडं रबर कडेवरून चढतच नाही. गरम पाण्यात टाकून नरम केलं, आतून साबणाचं पाणी लावलं, आधी वरची कड अडकवली आणि खालचा ओठ चमच्याच्या दांड्यानं ओढून घेतला. तेल किंवा ग्रीस मुद्दाम टाळलं. आता क्लचवर पाय घट्ट बसतो. अजून काही तपासायचं राहिलंय का?

जुनाफिटर
झकास. रबराची कड चारही बाजूंनी पट्टीच्या मागे गेलीय का ते बोट फिरवून बघा, दुमडलेली राहिली तर एक दिवस निघून येते. आणि कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा-सोडा, दिवे लागतात आणि लगेच विझतात ना ते बघा. डॅशबोर्डला लावायचं चकचकीत पॉलिश पेडलच्या आसपास नेऊ नका, वॉशिंगवाली पोरं हौसेनं तिथेही मारतात.

सांगलीची_सई
धाग्यात घुसते, माफ करा. आमच्या गाडीचं ॲक्सिलरेटर वरून लोंबणारं नाही, खाली फ्लोअरला बिजागरी असलेलं आहे. त्यालाही हे सगळं लागू का? आमच्या अहोंनी संच आधीच मागवलाय.

पानास्पॅनर
ताई, संच त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि पेडलवर सरकवून बसणारा असेल, भोक-बोल्ट काही नसेल, तर हरकत नाही. गाडी बंद असताना बसवा, हातानं पेडल पूर्ण दाबून सोडा. तळापर्यंत जाऊन कुठेही न घासता झटकन वर आलं पाहिजे. मग मॅट टाकून पुन्हा तेच करा. खोक्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलं असेल तर न उघडता परत पाठवायला सांगा अहोंना.